अर्धवेळ म्हणजे किती वेळ?

(संस्थेच्या रौप्य महोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'संस्थेची पंचवीस वर्षे : एक आढावा' असा विषय छापला आहे. पण तो आढावा मघाशी कोषाध्यक्षांनी आकडेवारीसह घेतला, आणि पाण्याच्या टाकीचा किस्साही सांगून टाकला. माझ्यासाठी काही ठेवलं नाही. तेव्हा आपल्या परवानगीने मी थोडा वेगळा विषय घेतो. तो कसा सुचला ते आधी सांगतो.

या स्मरणिकेसाठी जुन्या सभासदांची माहिती हवी होती. म्हणून मी लोखंडी कपाटातलं 'आय' नमुन्याचं सभासद रजिस्टर काढलं. एक कोपरा वाळवीनं खाल्लाय, बाकी ठीक आहे. २००० साली संस्था नोंदली गेली तेव्हा सचिव मीच होतो, त्यामुळे पहिल्या पानापासून अक्षर माझं. त्यात 'व्यवसाय' असा एक रकाना आहे. पुरुषांच्या नावापुढे शिक्षक, महसूल खाते, एसटी, वकील, जिनिंगमध्ये व्यवस्थापक असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं. पुढे सहसभासद म्हणून एकवीस महिलांची नावं आहेत. त्यातल्या सतरा जणींपुढे एकच शब्द : गृहिणी. पहिल्या तिघींपुढे तो शब्द तरी लिहिला आहे, नंतर नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा.

मी चष्मा पुसून पुन्हा यादी वाचली. या सतरा जणींपैकी अकरा जणी त्या काळात काही ना काही अर्ध्या वेळेचं काम करत होत्या, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. एक महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायच्या. एक होमिओपॅथीच्या डॉक्टर, संध्याकाळी दोन तास दवाखाना. एक आकाशवाणी यवतमाळवर नैमित्तिक उद्घोषिका; त्यांचा आवाज आपण सगळे सकाळी ऐकायचो आणि रजिस्टरात त्या गृहिणी! दोघी विम्याच्या एजंट, तिघी शिकवण्या घेणाऱ्या, दोघी शिवणकाम अन् फॉल-पिको. अकरावी आमची सौ. आणि या अकराही जणींच्या घरी त्या वेळी लहान लेकरं होती. म्हणून तर काम अर्ध्या वेळेचं होतं.

आमच्या घरची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे दुसऱ्यांबद्दल बोलायला तोंड राहील.

१९८४ साली आम्ही दत्त चौकाच्या मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. थोरला चार वर्षांचा, धाकटी जेमतेम वर्षाची. ही बी.कॉम. झालेली, लग्नाआधी एका ठिकाणी हिशेब लिहायची. सरकारची महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना तेव्हा जोरात होती. ती सुरू झाली १९७२ मध्ये. पोस्टातल्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचे हप्ते घरोघर जाऊन गोळा करायचे, पोस्टात भरायचे. एजन्सी फक्त महिलांना. कमिशन शेकडा चार रुपये. हिनं अर्ज केला आणि एजन्सी मिळाली. म्हणजे मी बँकेतर्फे ठेवी मागत फिरायचो आणि ही त्याच गल्लीतले पैसे पोस्टात नेऊन भरायची. ठेव पंधरवडा आला की आमचे मॅनेजर साहेब म्हणायचे, "तुमच्या घरातच गळती आहे, आधी ती बुजवा."

कामाचा वेळ विचाराल तर सांगायला दोन तास. दुपारी धाकटी झोपली की निघायचं आणि ती उठायच्या आत परतायचं. थोरला शेजारच्या काकूंकडे. पण हप्ता काही दुपारी दोन ते चारमध्ये मिळत नाही. नर्सबाई ड्युटीवर असायच्या, शिक्षक शाळेत, शिंपीदादा म्हणायचा, "वहिनी, उद्या या." तो उद्या तीनदा यायचा. मग संध्याकाळी धाकटी कडेवर, थोरला बोटाला, अन् खांद्याला पिशवी, अशी वरात निघायची. पंधरा तारीख आणि महिन्याची अखेर आली की घरात अक्षरशः परीक्षेचं वातावरण. कार्बन घालून याद्या लिहायच्या, बेरजा जुळवायच्या. एकदा कार्बनवर धाकटीनं दुधाचा पेला उपडा केला आणि हिनं रात्री अकरा वाजता चाळीस नावांची यादी पुन्हा पहिल्यापासून लिहिली. मी बँकेत दिवसभर बेरजाच केल्या म्हणून त्या रात्री हातही लावला नाही. हे मी आज सर्वांसमोर सांगतोय, कारण ती समोर बसली आहे आणि नाही सांगितलं तर घरी गेल्यावर सांगायला लावेल.

१९८६ पर्यंत तिच्याकडे ११२ खाती झाली. दहा, वीस, पन्नास, क्वचित दोनशे असे हप्ते. महिन्याला नऊ हजारांच्या आसपास जमा व्हायचे, म्हणजे कमिशन साधारण तीनशे साठ रुपये. माझा पगार तेव्हा दोन हजारांच्या घरात. त्यातून कुणाचा हप्ता राहिला तर त्या खात्याला दंड नको म्हणून ही स्वतःचे भरायची आणि पुढच्या महिन्यात मागायची. कधी मिळायचे, कधी नाही.

आता गंमत पाहा. बँक अधिकाऱ्याच्या घरात कुणी विम्याची किंवा कमिशनची एजन्सी घेतली, तर ते बँकेला लेखी कळवावं लागतं, असा आमच्या वर्तणूक नियमांत नियम होता. मी इमानदारीने १९८४ मध्ये पत्र दिलं : 'माझी पत्नी कमिशन एजन्सी चालवते, कृपया नोंद घ्यावी.' त्याची पोच अजून माझ्या फाइलीत आहे. म्हणजे बँकेला भीती होती तेव्हा तो व्यवसाय ठरला. पुढे शाळेच्या फॉर्मवर, शिधापत्रिकेच्या अर्जावर, आणि आपल्या या रजिस्टरात मीच लिहिलं, गृहिणी. एकाच माणसाचं अक्षर, दोन्हीकडे.

१९८७ ला माझी उमरखेडला बदली झाली. जिल्ह्यातच मिळालं म्हणून मी पेढे वाटले. ही गप्प होती. एजन्सी कागदावर राहिली असती, पण गिऱ्हाईक काही एसटीत बसवून नेता येत नाही. ११२ खात्यांची पुस्तकं दोन पिशव्यांत भरून तिनं दुसऱ्या एका ताईंना सोपवली. पिशव्या मीच उचलून रिक्षात ठेवल्या. खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच आलं, की चला, तेवढंच सामान कमी झालं. १९९१ ला आम्ही परत आलो तेव्हा त्यातली नऊ खाती परत मिळाली. बाकी पुन्हा शून्यापासून. १९९६ ला मला बढती मिळाली आणि जिल्ह्याबाहेर जावं लागलं, तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "अहो, या वेळी तुम्ही एकटे जा." मी एकटाच गेलो. तीन वर्षं डबा खाल्ला. थोरल्याची बारावी, धाकटीची आठवी-नववी आणि एव्हाना दीडशेवर गेलेली खाती, सगळं तिनं पाहिलं. आपला हा भूखंड घेताना पहिला हप्ता कमिशनच्या साठलेल्या पैशांतून गेला, ही नोंदही त्या रजिस्टरात नाही.

आता बँकेकडे येतो. मी छत्तीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा गावोगाव पोचल्या आणि पदवीधर मुली काउंटरवर दिसू लागल्या, ही त्या काळातली चांगली गोष्ट. पण आमच्याकडे पदवीधराला अर्धवेळ काम हा प्रकारच नव्हता. अर्धवेळ म्हणून बँक फक्त एका माणसाला ओळखायची, ती म्हणजे झाडू मारणारी बाई. आठवड्याच्या तासांवर तिचा पगार ठरायचा : एक तृतीयांश, निम्मा, नाहीतर पाऊण. आमच्या शाखेतल्या मावशी एक तृतीयांशवाल्या होत्या. सकाळी आठला दोन पोट्टे घेऊन यायच्या, एक काउंटरखाली झोपायचं, दुसरं फडकं मारायचं. मी एकदा विचारलं, मावशी, तुमचं काम किती वेळाचं? त्या म्हणाल्या, "सायेब, पगार तिसऱ्या हिश्शाचा हाय. पन झाडू तिसरा हिस्सा मारून ठेवला तं तुमाले चालते का?" सगळे हसले. मीही हसलो.

आणि आता जे सांगतो त्यावर मात्र मला हसता येत नाही. १९९७ मध्ये मी शाखा व्यवस्थापक असताना एका लिपिक बाईंनी माझ्याकडे अर्ज दिला. अकरा वर्षं सेवा, कामात स्वच्छ, रोकड कधी चुकली नाही. दुसरं मूल आठ महिन्यांचं, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पती फिरतीच्या नोकरीत. त्यांनी लिहिलं होतं, की दोन वर्षं मला निम्मा दिवस काम आणि निम्मा पगार द्या. मी त्यावर शेरा मारला : 'नियमात तरतूद नाही.' शेरा बरोबर होता, आजही कुणी तपासला तर चूक निघणार नाही. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. राजीनामा दिला की पेन्शनसाठी आधीची सेवा बुडते, हे मला ठाऊक होतं. बिनपगारी असाधारण रजा घेता येते, ती तुकड्या-तुकड्यांनी वापरता येते, तोवर काहीतरी सोय लागू शकते, हेही मला ठाऊक होतं. त्यांना समोर बसवून हे सांगायला दहा मिनिटं लागली असती. मार्चअखेर होती. मी कागद वर पाठवला.

पुढे बऱ्याच सरकारी बँकांनी महिलांना मुलांसाठी दीर्घ बिनपगारी रजा द्यायला सुरुवात केली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, असंही आलं. चांगलंच आहे. पण यवतमाळात पन्नास माणसांची कार्यालयं किती? आपल्या संस्थेतल्या त्या अकरा जणींपैकी या कायद्यात किती बसल्या असत्या, तुम्हीच मोजा.

आपल्या जिल्ह्यात हा विषय पदवीधरांपुरता नाही. जानेवारी २०१९ मध्ये आपल्याकडे ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, आपल्यातले बरेच जण मंडपात होतो. उद्घाटन कुणी केलं? कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर दोन मुलं वाढवणारी, अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करणारी बाई. भाषण ऐकून आपण टाळ्या वाजवल्या. पण अंगणवाडीतल्या सेविका-मदतनिसांना पगार नाही, 'मानधन' मिळतं; कारण सरकारदरबारी ते काम मानसेवेचं, थोड्या वेळेचं. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका प्रकरणात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. त्या निकालात न्यायमूर्ती अभय ओक यांनी त्यांच्या कामांची यादी मांडून म्हटलं, की याला अर्धवेळ काम म्हणणं शक्य नाही. पेपरात ते वाचलं तेव्हा मला आमच्या झाडूवाल्या मावशी आठवल्या. त्यांनी हाच निकाल चाळीस वर्षांपूर्वी एका वाक्यात दिला होता.

मला स्वतःला हे कळलं ते मात्र फार उशिरा, सहासष्टाव्या वर्षानंतर, आणि तेही नातवामुळे.

आमच्या सूनबाई फिजिओथेरपिस्ट आहेत. आधी रुग्णालयात पूर्णवेळ नोकरी होती. २०१५ ला नातू झाला, नोकरी सुटली. २०१७ मध्ये त्यांनी घराच्या समोरच्या खोलीत दवाखाना सुरू केला, सकाळी दहा ते एक. ठरलं असं, की या तीन तासांत नातवाला आजोबांनी पाहायचं, कारण आजीची खाती अजून चालूच होती. मी म्हटलं, त्यात काय, मी शाखा सांभाळली आहे.

पहिल्या आठवड्यात माझी शाखा कोसळली. तीन तास म्हणजे काय, हे ज्याने दोन वर्षांच्या मुलाबरोबर काढले नाहीत त्याला कळणार नाही. भिंतीपलीकडे आई आहे हे त्याला माहीत. दार ढकलायचा आणि थेट पेशंटच्या खाटेवर. एक आजोबा अर्धांगवायूनंतर हात उचलायला शिकत होते. नातू त्यांच्यासमोर उभा राहून हात वर करून दाखवायचा आणि टाळी मागायचा. एक दिवस त्या आजोबांनी टाळीसाठी हात छातीपर्यंत उचलला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, याला राहू द्या थोडा वेळ." असे दिवस थोडेच. बाकी दिवशी 'शू लागली' हे वाक्य नेमकं मशीन लावताना यायचं.

आणि दहा ते एक हे फक्त फलकावर. पेशंट साडेनऊला दारात, सव्वा वाजता शेवटचा. त्याआधी पोळ्या, डबे, अंघोळी. त्यानंतर चादरी, नोंदी, फोन. २०१८ चा उन्हाळा आठवा! निळोणा आणि चापडोह दोन्ही आटलेले, नळ कधी येईल ते देवाला माहीत, टँकरच्या मागे आख्खं यवतमाळ. टँकर अकराला आला की सूनबाई पेशंटला गरम शेक लावून बादल्या घेऊन धावायच्या, मागून मी, माझ्या मागून नातू मग घेऊन. नातीच्या वेळी त्या पोटुशी होत्या, तरी दवाखाना सुरूच. मी विचारलं, बंद का नाही ठेवत चार महिने? त्या म्हणाल्या, "बाबा, चार महिने बंद ठेवला तर पेशंट दुसरीकडे जातील, मग कोण परत येतं?" मला उमरखेडच्या त्या दोन पिशव्या आठवल्या. नोकरीत रजा असते. स्वतःच्या अर्ध्या वेळेच्या कामात रजा घेतली की काम जातं.

माझा एक पुतण्या नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आहे. तिथे २००० सालापासून कायदा आहे, की नोकरदाराने कामाचे तास कमी करून मागितले तर मालकाला सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही. माझा तो १९९७ चा शेरा तिथे चालला नसता. हा पुतण्या दर बुधवारी घरी असतो, मुलांना पाहतो, त्याची बायको त्या दिवशी कामावर जाते. तिथे याला 'पपाडाग' म्हणतात, म्हणजे बाबांचा दिवस. त्याच्या सासूबाई इथून गेल्या होत्या, त्यांनी परत येऊन काळजीनं विचारलं, "जावईबापूंची नोकरी ठीक चालू आहे ना?" ते गाव श्रीमंत आहे, आपली तुलना नको. पण तिथे अर्धा वेळ बाबाही घेतात, एवढं मात्र खरं. आमच्या चिरंजीवांनीही कोविडच्या काळात घरून काम करताना मुलांचं बरंच केलं. कार्यालय उघडलं आणि ते पुन्हा पाहुण्यासारखे झाले. त्यांना हे आवडणार नाही, पण माईक माझ्या हातात आहे.

बँकवाला आहे म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी, ज्या घरात असं काम चालतं त्यांच्यासाठी. कमिशन असो, फी असो, ती बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ द्या, घरखर्चाच्या खात्यात नको. आणि उत्पन्न कमी असलं, कर बसत नसला, तरी दरवर्षी विवरणपत्र भरा. डॉक्टर, वकील, सीए यांसारख्या व्यवसायांना सगळे खर्च मांडत बसायची गरज नाही. एकूण फीच्या निम्मं उत्पन्न धरून विवरणपत्र भरता येतं. सूनबाईंचं पाच वर्षांचं विवरणपत्र तयार होतं म्हणून मशीनसाठी त्यांना त्यांच्या नावावर कर्ज मिळालं. आमच्या सौ.ला १९९९ मध्ये ते मिळालं नसतं, पंधरा वर्षं कमाई करूनही. मंजूर करणाऱ्यांच्या जागी मीच बसलो असतो तरी मिळालं नसतं. कागद नव्हता.

आता मुद्द्यावर येतो, कारण कार्यक्रमानंतर जेवण आहे आणि मागच्या रांगेतून वासाकडे लक्ष जायला लागलंय.

आपलं हे सभागृह आपण २००४ मध्ये बांधलं. २००६ च्या वार्षिक सभेत तीन भगिनींनी अर्ज दिला होता, की सभागृह सकाळी चार तास रिकामंच असतं, तिथे आमची लहान मुलं सांभाळायची सोय करू द्या, बाई आम्ही ठेवतो, विजेचा खर्चही देतो. इतिवृत्त काढून पाहा, ठराव क्रमांक सहा : 'सभागृहाचा वापर केवळ सामुदायिक कार्यक्रमांसाठी करण्यात यावा. अर्ज नामंजूर.' अक्षर पुन्हा माझंच. त्यानंतर गेली एकोणीस वर्षं सभागृहात दहा दिवस गणपती, एक हळदीकुंकू, एक वार्षिक सभा आणि बाकीचे दिवस कॅरमचा एक फुटका बोर्ड, असा सामुदायिक कार्यक्रम चालू आहे. त्या तिघींपैकी एकींनी, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या त्याच, पुढच्या वर्षी कॉलेज सोडलं. कारण मी कधी विचारलं नाही.

'अंगणवाडी' हा शब्द मराठी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. आपल्याला तर अंगणही आहे, छपरासकट.

आज पुन्हा चार घरांतून अर्ज आला आहे. एक सीए आहेत, एक परीक्षेचे पेपर तपासतात आणि घरून शिकवतात, एक तालुक्याच्या कोर्टात वकिली करतात, चौथ्या आमच्या सूनबाई. म्हणजे माझा यात स्वार्थ आहे, तो मी आधीच जाहीर करतो, नाहीतर कुणीतरी उठून म्हणेलच. नातू आता मोठा झाला, नात सात वर्षांची होईल, आम्हाला त्याची फारशी गरज उरलेली नाही. पण बाकीच्या तिघींकडे पाच लेकरं आहेत, सर्वांत लहान अकरा महिन्यांचं. हरकती मला माहीत आहेत, कारण २००६ मध्ये त्या मीच काढल्या होत्या : जबाबदारी कुणाची, गोंगाट होईल, बाहेरची मुलं येतील, उपनिबंधक कार्यालयात कुणी तक्रार करेल. त्यांची उत्तरं लिहून मी अध्यक्षांकडे दिली आहेत. मुलं फक्त सभासदांच्या घरची, संख्या आठच्या वर नाही, सांभाळणाऱ्या बाईंना पूर्ण पगार, तिसऱ्या हिश्शाचा नव्हे. एक वर्षापुरतं करून पाहायचं. ठराव वार्षिक सभेत मी मांडणार आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही, आज जेवताना कुणी भेटलं तर बरं.

आणखी एक काम परवाच करून टाकलं. रजिस्टरात खाडाखोड करता येत नाही, हे मी जन्मभर लोकांना सांगितलं. म्हणून समासात लाल शाईने दुरुस्तीची नोंद केली, सचिवांची सही घेतली, तारीख टाकली. अनुक्रमांक नऊ, व्यवसाय : अल्पबचत अभिकर्ता, १९८४ पासून. बाकी दहा जणींच्या नोंदीसाठी अर्जाचे नमुने सचिवांकडे ठेवले आहेत. ज्यांची नावं आहेत त्यांनी, किंवा त्यांच्या मुलांनी, कामाचं नाव आणि साल तेवढं भरून द्यावं.

सौ.ला नोंद दाखवली तेव्हा तिनं चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, "८४ नाही, एजन्सीचं पत्र ८३ च्या डिसेंबरात आलं होतं." तेव्हा ती दुरुस्तीही पुन्हा दुरुस्त करायची आहे.